मंडळाने एवढं केलं, आता नाही कसं म्हणू?

"ताई, मंडळाच्या बायका माझ्यासोबत पोलीस ठाण्यात तासन्‌तास बसल्या. आता 25 नोव्हेंबरच्या कार्यक्रमात दोन शब्द बोल म्हणतात. नाही कसं म्हणू?"

वय 27, लैंगिक अत्याचाराचा खटला उभा, साक्ष अजून व्हायची. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) स्त्रियांवरील हिंसेविरोधातला पंधरवडा जवळ आला की हा प्रश्न आमच्या समुपदेशन केंद्रात हमखास येतो. परक्याला नकार देता येतो, पाठीशी उभं राहिलेल्यांना देववत नाही.

"बोलू नका" असं तिला सांगितलं नाही. तीन प्रश्न कागदावर लिहायला दिले. समोर कोण कोण बसलेलं असेल? त्या रात्री घरी सोबत कोण असेल? वर्षभराने व्हिडिओ एखाद्या नातेवाइकाच्या मोबाईलवर दिसला तर? तिसऱ्या प्रश्नावर पेन थांबलं.

कोर्टाची बाजूही होती. साक्षीआधीचं भाषण रेकॉर्ड झालं, तर उलटतपासणीत बचावाचा वकील ते तिच्या जबाबाशी ताडून पाहू शकतो. आघाताच्या आठवणी तुकड्यातुकड्यांनी येतात. कधी वेळ मागेपुढे होते, कधी क्रम. म्हणून सरकारी वकिलांना विचारल्याशिवाय माइक हातात घ्यायचा नाही.

मग नकाराचं वाक्य घोटलं: "मी येईन, पण बोलणार नाही." पुढे कारण जोडायचं नाही. कारण सांगितलं की समोरची बाई लगेच त्यावर तोडगा काढते: "बरं, तोंडावर ओढणी घे."

तिच्या परवानगीने मंडळाशीही बोललो. सूत्रसंचालनाच्या कागदावर नाव नव्हतं, पण "आपल्याच वॉर्डातली, शिवणक्लास चालवणारी भगिनी" असं होतं. वॉर्डात शिवणक्लास एकच! भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 नुसार नावच नव्हे, ओळख पटेल असा मजकूर छापणं किंवा प्रसिद्ध करणं हाही गुन्हा आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत. पोलीस ठाण्यातल्या बलात्काराच्या मथुरा प्रकरणानंतर स्त्रिया रस्त्यावर उतरल्या, 1983 मध्ये कायदा बदलला, तेव्हा मिळालेलं हे संरक्षण. ते महिला मंडळाच्याच मंचावर मोडावं, म्हणजे कमालच. वाक्य खोडलं, फेसबुक लाइव्हही रद्द केलं.

तिच्या भाषणाऐवजी, बायकांनी नाव न घालता आपलं म्हणणं लिहिलेल्या ओढण्या दोरीवर लावायचं ठरलं. 1990 मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये अशाच दोरीवर शर्ट टांगले होते. ओढण्या आदल्या दिवशीच गोळा केल्या, नाहीतर कोणती कुणी आणली ते दिसतं. प्रश्न चिठ्ठीवर घेतले. दाराजवळची रांग राखून ठेवली. बाजूच्या खोलीत दोन समुपदेशक बसल्या, कारण भाषणं ऐकून कुणाचं तरी जुनं दुखणं वर येतंच, आणि ते बहुधा चहाच्या वेळी. अशा वेळी "तेव्हाच का नाही सांगितलंस?" हे विचारायचं नाही. सांगणारी अठराच्या आतली असेल, तर पोक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. हे तिला ऐकायला बसण्याआधीच सांगायचं. घटना ताजी असेल, तर 72 तासांच्या आत, जितक्या लवकर जमेल तितकं, रुग्णालय: एचआयव्ही टाळण्याची औषधं त्यानंतर सुरू करून उपयोग होत नाही. उपचार खासगी रुग्णालयातही मोफत द्यावे लागतात.

ती आली, दाराजवळ वीस मिनिटं बसली आणि गेली.

एक गोष्ट मात्र राहून गेली. ओढण्यांचं नंतर काय करायचं, हे लिहिणाऱ्यांना आधी विचारायला हवं होतं. मंडळाला त्या पुढच्या वर्षासाठी जपून ठेवायच्या होत्या; तिला तिची परत हवी होती. नाव नसल्याने शोधायची कशी? शेवटी तिनेच सांगितलं, काठाला हिरव्या दोऱ्याने दुमड घातलेली.