अहवालातील ज्या आकड्याकडे लक्ष गेले नाही

प्रश्न : माझे वय ४६ वर्षे आहे. गेल्या महिन्यात आमच्या वाड्यावरील शिबिरात मी सवलतीचे आरोग्य तपासणी पॅकेज घेतले. अहवालात सीए-१२५ हा कर्करोगाचा निर्देशक ४८ आला आहे. रक्त दिले तेव्हा पाळी चालू होती. गर्भाशयात फायब्रॉइडच्या गाठी असल्याने रक्तस्राव फार होतो. हिमोग्लोबिन ९.४ आणि एचबीए१सी ६.२ आहे. आईला मधुमेह होता. घरात कर्करोग कोणालाच नाही. मला अंडाशयाचा कर्करोग असेल का? रात्र रात्र झोप लागत नाही.
— एक वाचक भगिनी, फोंडा

उत्तर : आपण लिहिलेल्या माहितीवरून तशी शक्यता फारच कमी दिसते. सीए-१२५ हे प्रथिन केवळ कर्करोगाच्या पेशींतून येत नाही; पाळी, फायब्रॉइड, एन्डोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखे अस्तर गर्भाशयाबाहेर वाढणे), गरोदरपण, इतकेच काय, यकृताच्या काही आजारांतही ते ३५ या नेहमीच्या मर्यादेपलीकडे जाते, आणि आपल्या बाबतीत यांपैकी दोन कारणे एकाच वेळी हजर होती. उलट, अंडाशयाचा कर्करोग अगदी सुरुवातीच्या अवस्थेत असलेल्या जवळपास निम्म्या स्त्रियांत हा आकडा वाढलेलाच नसतो. ब्रिटनमध्ये ५० ते ७४ वयाच्या दोन लाखांहून अधिक स्त्रियांचा वर्षानुवर्षे अभ्यास झाला. त्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे, की नियमित सीए-१२५ किंवा सोनोग्राफी करूनही या कर्करोगाने होणारे मृत्यू लक्षणीयरीत्या घटले नाहीत. म्हणूनच काही तक्रार नसलेल्या स्त्रीच्या पॅकेजमध्ये ही चाचणी घालणे मला अयोग्य वाटते. आपली गेलेली झोप ही त्याचीच किंमत आहे.

तरीही आकडा तसाच सोडून देऊ नये. स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवून योनीमार्गातून केली जाणारी सोनोग्राफी करून घ्यावी आणि रक्ततपासणी पुन्हा करायचीच झाली, तर ती पाळी संपल्यावर करावी. पोट सतत फुगणे, थोडे खाताच पोट भरणे किंवा वारंवार लघवी लागणे अशा तक्रारी नव्याने सुरू होऊन टिकून राहिल्या असतील, तर मात्र हे काम लांबवू नये.

मला अधिक काळजी वाटते ती ६.२ या आकड्याची, ज्याविषयी आपण काहीच विचारलेले नाही. एचबीए१सी मागील दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगते, ५.७ ते ६.४ टक्के म्हणजे मधुमेहाची पूर्वावस्था. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी सर्वेक्षणात मधुमेहाचे प्रमाण सर्वाधिक, २६.४ टक्के, आपल्या गोव्यातच आढळले होते. मात्र येथेही एक मेख आहे. लोहाच्या कमतरतेमुळे रक्त कमी झाले असेल, तर तांबड्या पेशी अधिक काळ रक्तात राहतात आणि एचबीए१सी खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकते. आपले हिमोग्लोबिन पाहता या एका आकड्यावर विसंबू नये. उपाशीपोटी आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज घेतल्यावर दोन तासांनी साखर तपासावी. ती अनुक्रमे १०० आणि १४० च्या खाली असेल, तर पूर्वावस्थेचा संशय बराच मिटेल. सोबत शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन तपासून घ्यावे, कारण रक्तस्राव आणि लोहाची कमतरता यांवर उपचार तर आजच सुरू व्हायला हवेत. मधुमेह निघालाच, तर लघवीतील अल्ब्युमिन या प्रथिनाची तपासणी विसरू नये. मूत्रपिंडाचे काम मंदावल्यावर रक्तात साठणारे क्रिएटिनिन वाढण्याच्या कितीतरी आधी मूत्रपिंडावरील ताण तिच्यातून कळतो.