जळगावात अंगणात जुन्या जातीचा गुलाब लावायचा आहे. दमास्क, एडवर्ड की ओल्ड ब्लश?

एकच झाड लावायचं असेल तर एडवर्ड लावा, म्हणजे आपल्याकडे ज्याला देशी किंवा गावठी गुलाब म्हणतात तो. दमास्क अत्तरासाठी नावाजलेला खरा, पण तो मुख्यतः वर्षातून एकदाच, मार्च-एप्रिलमध्ये फुलतो. खानदेशात तेव्हा पारा चाळिशीकडे निघालेला असतो, बहर आला कधी नि गेला कधी कळत नाही. एडवर्ड हा बूरबाँ गटातला, दमास्क आणि चिनी गुलाबाच्या संकरातून आलेला: वास दमास्कचा, पुन्हा पुन्हा फुलायची सवय चिनी गुलाबाची. फूल सैल असतं. सकाळी तोडलं नाही तर दुपारपर्यंत पाकळ्या खाली. फुलदाणीला निरुपयोगी, गुलकंदाला उत्तम. शिवाय पेन्सिलएवढ्या जाड फांदीचा छाट सहज लागतो. डोळे भरायला, म्हणजे दुसऱ्या जातीच्या गुलाबाचं कलम बसवायला, खालचा खुंट म्हणूनही हा वापरतात. ओल्ड ब्लश चिवट, काटे कमी, पाकळी उन्हात गडद होत जाते, पण वास मंद. लाल हवा असेल तर १८९७ सालचा ग्रुस आन टेप्लिट्झ (हे नाव नर्सरीत उच्चारून बघाच).

फक्त काळ्या मातीत नुसता खड्डा करून लावू नका, पावसाळ्यात पाणी तुंबून मुळं कुजतात. वाफा वीतभर उंच करा, मुरूम आणि कुजलेलं शेणखत मिसळा, आणि जागा घराच्या पूर्वेला बघा; मे महिन्यातलं दुपारचं ऊन टळतं.