सरावाचा पुतळा (मॅनिकिन) नाही, पैसे नाहीत. उपजिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरांना ट्रॉमा कसा शिकवावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: धुळ्याच्या बाजूला मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या उपजिल्हा रुग्णालयात तुम्ही एकटे सर्जन आहात. आठ वैद्यकीय अधिकारी आहेत, काही एमबीबीएस, काही बीएएमएस. दहा-बारा सिस्टर आहेत, भूलतज्ज्ञ ऑन कॉल. या सगळ्यांसाठी सलग दोन दिवसांचं ट्रॉमा (अपघाती जखमांचे उपचार) आणि क्रिटिकल केअरचं ट्रेनिंग घ्यायचंय, आणि त्यासाठी चांगल्या स्लाइड्स कुठल्या वापराव्यात असं तुम्ही विचारलंय.

स्लाइड्सचा नाद सोडा, आणि सलग दोन दिवसही नकोत. तेवढाच वेळ, म्हणजे साधारण बारा तास, पाऊण-पाऊण तासाच्या सोळा तुकड्यांत वाटा. दर आठवड्याला एक, ओपीडी ओसरल्यावर, तुमच्याच कॅज्युअल्टीत, तुमच्याच ट्रॉलीवर. टेन्शन न्यूमोथोरॅक्स (छातीत कोंडलेल्या हवेनं फुप्फुस आणि हृदय दाबलं जाणं) म्हणजे काय हे तुमच्या प्रत्येक डॉक्टरला परीक्षेपासून पाठ आहे. वऱ्हाडाची ट्रॅक्टर-ट्रॉली उलटून सहा जण एकदम आले की मात्र आधी काय, मग काय हे सुटतं आणि हात अडतात. क्रम आणि हात ऐकून येत नाहीत, आणि एकदाच शिकवले तर सहा महिन्यांत पुसट होतात.

क्रमापासून सुरू करा. बरीच वर्षं श्वासमार्ग आधी असं शिकवलं गेलं. आता एटीएलएसच्या (अ‍ॅडव्हान्स्ड ट्रॉमा लाइफ सपोर्ट, जखमींवरच्या उपचारांचा डॉक्टरांसाठीचा अभ्यासक्रम) नव्या आवृत्तीतही उघड दिसणारा जोराचा रक्तस्राव सगळ्यात आधी थांबवायचा, मग श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण, मेंदू, आणि शेवटी कपडे काढून पाठीसकट सगळं अंग पाहायचं. पहिल्या दहा सेकंदांचं काम एकच: रुग्णाला नाव विचारायचं. ‘तुमनं नाव काय शे?’ याला स्पष्ट आवाजात उत्तर आलं की श्वासमार्ग मोकळा आहे, बोलण्याइतका श्वास आहे आणि मेंदूला रक्त पोचतंय, हे तिन्ही एकदम कळतं. इथे आपल्या भागातली एक चूक मुद्दाम शिकवा. धडगाव-अक्कलकुव्याकडचा पावरी किंवा भिली बोलणारा माणूस मराठी प्रश्नाला गोंधळून पाहतो आणि कागदावर जीसीएस (शुद्ध किती आहे याचे गुण) दोन-तीन गुणांनी कमी लागतो. मग सीटीची धावपळ, गरज नसताना श्वासनलिकेत ट्यूब. ती भाषा येणारे मामा किंवा मावशी कोण आणि कुठल्या पाळीला असतात, हे कॅज्युअल्टीच्या फळ्यावर लिहिलेलं असावं.

पहिलं सत्र बादलीचं ठेवा. सलाईनच्या दोन बाटल्या सारख्याच उंचीवर टांगा. एकीला निळी २२ नंबरची इंट्राकॅथ (शिरेत बसवायची सुई-नळी) लावा, दुसरीला करडी १६ ची, आणि दोन्हींची धार बादलीत सोडून फोनवर वेळ मोजा. पाकिटावरच्या आकड्यांनुसार निळीतून मिनिटाला तीस-पस्तीस मिली जातं आणि करडीतून १८० च्या आसपास. बाटली, सेट आणि उंची यांमुळे तुमचे आकडे कमी येतील, पण फरक डोळ्यांना दिसेल. नळीची त्रिज्या अर्धी झाली की प्रवाह सोळाव्या हिश्शावर येतो, हे वाक्य शंभरदा सांगून जे होत नाही ते ही बादली करते. यानंतर शॉकमधल्या माणसाला कोणी निळी सुई लावत नाही. दोन्ही कोपरांच्या खोबणीत हिरवी १८ ची किंवा करडी. दोन प्रयत्नांत शीर मिळाली नाही तर नडगीच्या हाडातून. इंट्राऑसिअसची सुई भांडारात पडून असेल तर आजच बाहेर काढा.

मग पाणी किती? कोमट सलाईन किंवा आरएल (रिंगर लॅक्टेट) फक्त एक लिटर, आणि त्यावर प्रतिसाद नसेल तर रक्त. चार-पाच बाटल्या सोडल्या की ब्लड प्रेशर थोडा वेळ छान दिसतं, पण रक्त पातळ होतं, धरलेली गुठळी सुटते आणि अंग गार पडतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तरी रक्त गेलेला माणूस थंड पडतो हे डॉक्टरांना पटत नाही. शॉकमध्ये शरीर पुरेशी उष्णता तयार करू शकत नाही. वर पंखा, खाली रक्तानं भिजलेले कपडे, आत एसीतल्या कपाटातलं सलाईन. शरीराचं तापमान ३५ अंशांखाली गेलं की रक्त गोठण्याची यंत्रणा मंदावते. म्हणून ट्रॉलीवर थर्मामीटर आणि दोन ब्लँकेट ठेवा आणि कपडे कापून तपासणी झाली की लगेच पांघरूण घालायला लावा.

ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड (टीएक्सए, रक्तस्राव कमी करणारं औषध) देणं सिस्टरांना प्रत्यक्ष करायला लावा. २०१० च्या क्रॅश-२ चाचणीत वीस हजारांवर रुग्ण होते. अपघातानंतर तीन तासांच्या आत एक ग्रॅम दहा मिनिटांत आणि पुढच्या आठ तासांत आणखी एक ग्रॅम, असा तो डोस. तीन तासांनंतर सुरू केलं तर फायदा नाहीच, रक्तस्रावानं मृत्यूचा धोका वाढतो. म्हणून अपघाताची वेळ विचारून कागदावर लिहिल्याशिवाय अँप्यूल फोडायचं नाही. आपल्याकडे बहुधा ५०० मिग्रॅचं ५ मिलीचं अँप्यूल मिळतं. दोन अँप्यूल म्हणजे १० मिली, घड्याळ समोर ठेवून मिनिटाला एक मिली. भराभर ढकललं तर प्रेशर पडतं.

आता छातीत कोंडलेली हवा आणि रक्त बाहेर काढणारी नळी. यावर चार सत्रं गेली तरी चालतील, कारण महामार्गावरच्या अपघातात कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरच्या हातून वाचू शकणारे बरेच जीव इथंच असतात. आदल्या दिवशी खाटकाला सांगून ठेवा: बोकडाची अर्धी छाती, सात-आठ फासळ्यांची, मांस न सोलता, आतला पापुद्रा शाबूत. ज्यांना मांसाला हात लावायचा नसेल त्यांच्यासाठी बांबूच्या पट्ट्या फासळ्या म्हणून बांधा, वर फोम आणि रेक्झिन, आत फुगवलेली प्लास्टिकची पिशवी. या सरावाची हत्यारं वेगळी ठेवा, ती परत ओटीत जाता कामा नयेत.

शिकवण्याची पद्धत पेटनची, चार पायऱ्यांची. आधी तुम्ही एक शब्दही न बोलता खऱ्या वेगानं करून दाखवा. मग सावकाश, कारणांसकट. तिसऱ्या वेळी शिकणारा सांगेल आणि तुम्ही तो सांगेल तेवढंच कराल. चौथ्या वेळी तो सांगत सांगत स्वतः करेल. घाईत सगळे तिसरी पायरी गाळतात, आणि खरं शिकणं तिथंच होतं. त्यानं नुसतं ‘आता फोर्सेप आत घाला’ म्हटलं तर थांबा. फासळीच्या कुठल्या कडेवरून? खालच्या फासळीच्या वरच्या कडेवरून, कारण शीर, धमनी आणि नस (मज्जातंतू) वरच्या फासळीच्या खालच्या कडेला दबून बसलेल्या असतात. हे त्याच्या तोंडून येईपर्यंत हात हलवू नका.

जागा फासळ्यांमधल्या पाचव्या फटीत, मिडअ‍ॅक्सिलरी रेषेच्या (काखेच्या मधोमध खाली येणाऱ्या) जरा पुढे. पुरुषात साधारण स्तनाग्राच्या पातळीला. त्याखाली गेलं की नळी यकृतात किंवा प्लीहेत जायची भीती. छेद तीन सेंटिमीटर. नवखे डॉक्टर भीतीनं एक सेंटिमीटरचा घेतात, मग बोट आत जात नाही आणि नळी कातडीखालीच सरकत राहते. फोर्सेपनं फुप्फुसावरणात शिरल्यावर बोट घालून चहूबाजूंनी फिरवायचं, फुप्फुस चिकटलेलं नाही ना ते पाहायचं. हे बोट फिरवणं म्हणजे निम्मं काम. रुग्ण खचत असेल आणि नळी हाताशी नसेल तर नुसत्या बोटानंही कोंडलेली हवा सुटते. नळीआधी हवा सोडायला घालायची झटपट सुई आता प्रौढांत याच पातळीला घालतात, पण रोजची आखूड इंट्राकॅथ जाड छातीत आत पोचतच नाही, हे माहीत असू द्या. नळी २८ ते ३२ नंबरची, शेवटचं बाजूचं भोक नक्की आत. नळीचं बाहेरचं टोक बाटलीतल्या पाण्याखाली दोन सेंटिमीटर बुडालेलं. नळी घालताच दीड लिटर रक्त आलं, किंवा पुढे तासाला २०० मिलीच्या वर दोन-चार तास येत राहिलं, तर छाती उघडावी लागणार. मग तुम्हीच उघडायची की धुळ्याला पाठवायचं, हे तेव्हा ठरवायला बसू नका. आधीच ठरलेलं असावं.

त्याच खाटकाकडून स्वरयंत्रासकट गळ्याची नळी मागवा, वर कोंबडीची कातडी ताणून बसवा. ट्यूब जात नाही आणि मास्कनं हवाही जात नाही, अशा वेळची ही वाट, गळ्याला छेद देऊन: १० नंबरचं ब्लेड, बोट, बूजी (वाट दाखवणारी लवचिक कांडी), त्यावरून ६ नंबरची कफची ट्यूब. प्रत्येकानं पाच वेळा करायची, पाचवी वेळ डोळे मिटून. खऱ्या रुग्णात रक्तामुळे काही दिसत नाही, बोटाच्या स्पर्शावरच काम चालतं.

कंबरेच्या हाडाच्या फ्रॅक्चरला बेडशीट बांधणं वीस मिनिटांत शिकवून होतं. चूक एकच होते: चादर पोटाकडे, कंबरेवर बांधतात. ती ग्रेटर ट्रोकँटरवर (मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाचा बाहेरचा उंचवटा) हवी, पँटच्या बाजूच्या खिशाच्या पातळीवर, आणि गुडघे एकत्र बांधलेले. मळणी यंत्रात हात गेलेला माणूस गावाहून दोरी आवळून आणतात. बारीक दोरी नस चेचते, आणि अर्धवट आवळली तर फक्त शिरा दाबून रक्तस्राव वाढवते. बीपीचा रुंद पट्टा जखमेच्या वर बांधून रक्त थांबेपर्यंत फुगवा आणि वेळ कपाळावर लिहा. तुटलेलं बोट ओल्या गॉजमध्ये, ते पिशवीत, आणि ती पिशवी बर्फावर. थेट बर्फात कधीच नाही.

डोक्याच्या माराबद्दल मला कळकळीनं सांगायचंय. डोक्याला मार दिसला की मॅनिटॉल (मेंदूवरचा दाब उतरवणारं औषध) सोडण्याची सवय मोडून काढा. प्रेशर पडलेल्या रुग्णात मॅनिटॉल लघवीवाटे उरलंसुरलं पाणीही काढून घेतं, आणि जखमी मेंदूला सिस्टॉलिक ९० खाली एकदा गेलेलंसुद्धा महागात पडतं. आधी प्रेशर ११० च्या वर आणि ऑक्सिजन नीट. बाहुली एका बाजूला मोठी होत असेल आणि प्रेशर चांगलं असेल, तरच मॅनिटॉल. आणि तेव्हा ते पुरेसं द्या: अर्धा ग्रॅम प्रति किलो धरला तर साठ किलोच्या माणसाला २० टक्क्यांचं १५० मिली.

अंबू बॅगचा (हातानं दाबून श्वास देण्याची पिशवी) सराव याच सत्रात. घाबरलेला माणूस मिनिटाला तीस-चाळीस वेळा बॅग दाबतो. त्यानं कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, आणि शॉकमध्ये हृदयाकडे परतणारं रक्तही घटतं. एकाला बॅग दाबत केसची माहिती सांगायला लावा, दुसऱ्यानं गुपचूप मोजायचं. दर पाच-सहा सेकंदांनी एकदा हवी.

व्हेंटिलेटर असेल तर अंदाजानं वजन धरू नका. टेपनं उंची मोजा. पुरुषात उंचीतून १५२.४ वजा, गुणिले ०.९१, अधिक ५० (बाईत ५० ऐवजी ४५.५). १६५ सेंमी पुरुषाचं हे वजन साडेएकसष्ट किलो येतं. किलोला ६ ते ८ मिली म्हणजे ३७० ते ४९० मिलीचा श्वास. प्लेटो प्रेशर (श्वास भरून थांबल्यावरचा फुप्फुसातला दाब) ३० च्या खाली. रक्त चढत असेल तर कॅल्शियम विसरू नका, पिशवीतलं सायट्रेट ते ओढून घेतं. १० टक्के ग्लुकोनेटच्या तीन अँप्यूलमध्ये जेवढं कॅल्शियम, तेवढं क्लोराइडच्या एकात. ट्रॅक्टरखाली चिरडलेल्या पायाच्या रुग्णाची लघवी चहासारखी झाली तर पोटॅशियम आणि ईसीजी लगेच, आणि लघवी तासाला २०० मिलीच्या वर ठेवायची.

स्वतः तुमच्यासाठी आणि ओटीच्या सिस्टरांसाठी एक सत्र डॅमेज कंट्रोलचं (फक्त जीव वाचवण्यापुरती, झटपट शस्त्रक्रिया) राखा. यकृतातून रक्त येतंय, रुग्ण गार आहे, रक्ताच्या बॅगा दोनच आहेत, तर दुरुस्ती करायची नाही. चारही कोपऱ्यांत पॅक, फाटलेलं आतडं दोन टोकांना बांधून टाकायचं, पोट सलाईनच्या निर्जंतुक पिशवीनं झाकायचं, तासाभरात बाहेर. पॅकसाठी वापरलेले किती मॉप (कापडी घड्या) आत राहिले हे रेफर चिठ्ठीवर ठळक अक्षरांत.

दर चौथं सत्र नाटकाचं. वॉर्डातले मामा ट्रॉलीवर रुग्ण म्हणून झोपतील, मॉनिटरचे आकडे तुम्ही पाटीवर लिहून दाखवाल. नाटक दहा मिनिटं, चर्चा वीस. ऑर्डर नाव घेऊन द्यायची आणि ऐकणारानं परत म्हणायची: ‘सुनीता सिस्टर, टीएक्सए एक ग्रॅम, दहा मिनिटांत’, ‘टीएक्सए एक ग्रॅम, सुरू केलं, चार वाजून बारा.’ हवेत सोडलेली ऑर्डर कोणीच पाळत नाही. चर्चेत ‘हे चुकलं’ म्हणण्याआधी ‘तेव्हा तुम्हाला काय वाटत होतं?’ विचारा. सिस्टरांसमोर डॉक्टरला किंवा डॉक्टरांसमोर सिस्टरला खजील केलंत तर पुढच्या आठवड्यात खोली रिकामी दिसेल.

१०८ च्या गाडीवरच्या डॉक्टरांनाही या नाटकात बोलवा, हस्तांतर त्यांच्याशीच होणार असतं. अपघात कसा झाला, मार कुठे, आकडे काय, उपचार काय दिले, एवढं अर्ध्या मिनिटात. धुळ्याच्या हिरे वैद्यकीय महाविद्यालयात पाठवताना फोन आधी, गाडी मग. फक्त रिपोर्टसाठी एक्स-रे काढत बसू नका. एमएलसीचे (पोलिस केसचे) कागद उपचारांच्या आड येऊ देऊ नका, सर्वोच्च न्यायालयानं १९८९ च्या परमानंद कटारा निकालात हे स्वच्छ सांगितलंय. आणि वाटेत छातीच्या नळीला क्लॅम्प लावायचा नाही, बाटली छातीच्या खाली ठेवायची. स्ट्रेचर चढवताना ‘सांडेल’ म्हणून कोणीतरी हमखास क्लॅम्प लावतं आणि नरडाण्यापर्यंत पुन्हा टेन्शन न्यूमोथोरॅक्स तयार होतो.

सोळा सत्रं झाली की परीक्षा लेखी घेऊ नका. महिना-दीड महिना जाऊ द्या, मग न सांगता रात्री तीनच्या पाळीला मामांना ट्रॉलीवर झोपवून आत आणा आणि तीन गोष्टींची वेळ नोंदवा: जाड इंट्राकॅथ कितव्या मिनिटाला लागली, छातीच्या नळीचं सामान कितव्या मिनिटाला हाताशी आलं, धुळ्याला फोन कितव्या मिनिटाला गेला. दर तीन महिन्यांनी पुन्हा मोजा, आणि जो आकडा वाढलेला दिसेल त्याच विषयाचं सत्र पुढच्या आठवड्यात लावा.