पावसाळ्यात खतखड्डा भरतो, काय करावे?

प्रश्न : आमचे गाव गुहागर तालुक्यात समुद्रकिनारी आहे. वाडीने श्रमदानातून सामाईक खतखड्डा खणला. परंतु पावसाळ्यात तो पाण्याने भरतो, मासळीच्या घाणीमुळे कुत्री जमतात आणि प्लास्टिक पातेऱ्याबरोबर (वाळलेल्या पालापाचोळ्याबरोबर) सर्रास जाळले जाते. व्यवस्था कशी लावावी?

उत्तर : जेथे चार महिन्यांत 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, तेथे जमिनीखालचा खड्डा भरणारच, पाण्याखाली हवा पोहोचत नाही आणि दुर्गंधी सुटते. तो बुजवून, फटी ठेवून रचलेल्या जांभ्याच्या चिऱ्यांची नाडेप टाकी (कचऱ्याचे खत करण्याची हवेशीर टाकी) जमिनीवर बांधावी. तिचे रूढ माप 10 फूट लांब, 6 फूट रुंद आणि 3 फूट उंच असे आहे. वर झापांचे (विणलेल्या झावळ्यांचे) छप्पर आणि भोवती चर हवाच.

तथापि, ज्यांना परडे (घरामागची मोकळी जागा) आहे त्यांचा ओला कचरा घराबाहेर पडूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. सामाईक टाकी शाळा, देऊळ आणि परडे नसलेल्या घरांसाठी राखावी. मासळीची घाण विहिरीपासून दूर, माडाच्या आळ्यात बुंध्यापासून चार-पाच फुटांवर, फूट-दीड फूट खोल पुरून माती घट्ट दाबावी व वर काटेरी फांदी ठेवावी. खारवलेल्या मासळीचे अवशेष गांडूळखतात मुळीच टाकू नयेत, कारण मीठ गांडुळांना सोसत नाही. नारळाची सोडणे (वरची काथ्याची साले) पोकळ बाजू वर करून आळ्यातील चरात थरांनी पुरली, तर ती पावसाचे पाणी धरून ठेवतात आणि उन्हाळ्यात माडाला ओल मिळते. उघड्यावर टाकलेल्या करवंट्यांत मात्र डास वाढतात.

प्लास्टिक जाळणे तातडीने थांबवावे. ते धुऊन, वाळवून घरीच साठवावे आणि ग्रामपंचायतीने ठरलेल्या दिवशी गोळा करावे. भंगारवाला बाटल्या नेतो, वेफर्सची चकचकीत पाकिटे नेत नाही. म्हणून ती वेगळी ठेवून तालुक्याच्या प्लास्टिक संकलन केंद्राकडे पाठवण्याची सोय पंचायत समितीकडे मागावी. शेड आणि वाहतुकीचा खर्च वित्त आयोगाच्या बंधित (ठरावीक कामांसाठीच राखलेल्या) निधीतील स्वच्छतेच्या वाट्यातून करता येतो. त्याची तरतूद ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात ग्रामसभेतच करून घ्यावी. गणपतीत चाकरमानी आले की कचरा एकदम वाढतो, तेव्हा त्या दिवसांत एक फेरी जास्त ठेवावी आणि निर्माल्यातील थर्माकोल, जरी व दोरे काढूनच ते टाकीत घालावे.