बाबांच्या कंबरेचा एमआरआय करायचा का?

प्रश्न : डॉक्टर, मी ऐरोलीला एका कंपनीत अमेरिकेतल्या क्लिनिकांचं मेडिकल बिलिंग करते. तिकडे सीटी, एमआरआय लिहिण्याआधी ती तपासणी खरंच गरजेची आहे का हे डॉक्टरांनी सॉफ्टवेअरमध्ये बघायचं असा नियम होता, क्लेमवर त्याचे कोडही असायचे. आता बाबांची (वय ५७) कंबर बारा दिवसांपासून धरलीये, पाण्याची बादली उचलताना लचकली. सोसायटीत जो तो म्हणतोय एमआरआय करून टाका, आमचे डॉक्टर म्हणतात थांबा. आपल्याकडे असा नियम आहे का? मी डॉक्टरांच्या मागे लागू का?
— एक वाचक, कळवा, ठाणे

उत्तर : ताई, आत्ता नका लागू. तो नियम अमेरिकेतल्या २०१४च्या कायद्यातला, मेडिकेअरच्या (तिथला मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) पेशंटसाठी. २०२० पासून त्या नियमाचं नुसतं टेस्टिंग चाललं, दंड कधी लागलाच नाही, आणि १ जानेवारी २०२४ पासून थांबवलाय. पण ज्या आठ तक्रारींवर त्यात खास लक्ष होतं त्यात कंबरदुखी होती. आपल्याकडे अशी सॉफ्टवेअरची सक्ती नाही, म्हणून डॉक्टरांनी हाताने काय तपासलं ते महत्त्वाचं. बाबांना टाचांवर चालायला लावलं का, झोपवून पाय सरळ वर उचलून बघितला का, पायाचा अंगठा वर ओढायला सांगून वरून दाबून बघितला का? हे सगळं ठीक असेल तर साधारण सहा आठवडे थांबायचं, गोळ्या, शेक आणि घरात थोडं थोडं चालणं, बहुतेकांचं तेवढ्यात बरंच कमी होतं.

एमआरआयमध्ये रेडिएशन नसतं, मग करून टाकायला काय जातं असं लोक म्हणतात, पण खर्च सोडा, मला रिपोर्टचीच जास्त काळजी वाटते. काहीही दुखत नसलेल्या पन्नाशीतल्या लोकांचे एमआरआय काढले तरी निम्म्याहून जास्त जणांत डिस्क बल्ज (मणक्यांमधली गादी थोडी बाहेर फुगलेली) दिसतो. तो शब्द वाचला की माणूस घाबरतो, पट्टा बांधून पलंगावर पडून राहतो आणि कंबर आणखी आखडते, हे मी फार बघितलंय.

मात्र लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, बसायच्या जागेला बधिरपणा आला, पाऊल घासत चालायला लागले तर रात्र असली तरी तसंच इमर्जन्सीला न्या. ताप, वजन घटणं, आधी कॅन्सर झालेला असणं, यातलं काही असेल तर डॉक्टरांना आजच सांगा, मग सहा आठवडे थांबायचं नाही. आणि पुढे एमआरआय लिहिलाच तर चिठ्ठीवर नुसतं ‘कंबरदुखी’ नको, किती दिवस दुखतंय, कुठला पाय, काय शंका आहे ते लिहून घ्या, रेडिओलॉजिस्ट त्यावरूनच नेमकं बघतात.