समजत नसताना आजच्या कविता-कादंबऱ्या वाचण्यात आणि चित्रांची पुस्तकं नुसती चाळण्यात काही अर्थ आहे का? याला वाचन म्हणायचं का?

मी इथं उत्तरं वाचतो, लिहीत नाही. पण तुम्ही ‘नुसती चाळतो’ असं लिहिलंय ना, ते लागलं. १९९८ च्या डिसेंबरात माझ्या थोरल्या भावानं हाच शब्द चारचौघांत माझ्या तोंडावर मारला होता. तेव्हा मी गप्प बसलो.

मी बाइंडर. कोल्हापुरात शाहूपुरीत वडिलांच्या वेळेपासूनचं दुकान आहे. आमच्या धंद्यात पुस्तक सरळ कधी वाचायला मिळत नाही. छापखान्यातून मोठे ताव येतात, तावाला घड्या घातल्या की सोळा पानांचा एक फर्मा होतो, आणि फर्मे काही क्रमानं येत नाहीत. आज पाचवा, परवा दुसरा. पहिला सगळ्यात शेवटी, कारण त्यात ऋणनिर्देश असतो आणि लेखकाचं कुणाचं तरी नाव घालायचं राहिलेलं असतं. जेवणाच्या सुट्टीत हाताला लागेल तो फर्मा मी वाचायचो. एका कादंबरीतल्या माणसाच्या तेराव्याला मी आधी हजर होतो आणि आठ दिवसांनी तो मुलगी बघायला निघाला. अर्धं न कळणं ही माझी रोजचीच गत. उरलेलं छापखान्यातून येईल, एवढाच भरवसा.

तर त्या डिसेंबरात एक कवितासंग्रह बांधायला आला. ९६ पानं, सहा फर्मे, ५०० प्रती. कवीचं नाव सांगत नाही, ते आता नाहीत. त्यांची हौस अशी की कवितांना शीर्षकं नकोत, अनुक्रमणिका नको, पानांवर आकडेसुद्धा नकोत. त्यात छपाईची प्लेट करताना फर्म्यांच्या पाठीवरच्या काळ्या खुणा टाकायच्या राहिल्या. या खुणा जिन्यासारख्या उतरत गेल्या की फर्मे नीट लागलेत हे लांबूनही दिसतं. प्रकाशन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, आणि रात्री दोनपर्यंत मी आणि एक पोरगा जुळणी करत बसलेलो. पहिल्या १२० प्रतींत चौथा फर्मा तिसऱ्याच्या आधी लागला. चूक माझी, पोराची नव्हे. गठ्ठे मी मांडले होते.

सकाळी त्या १२० प्रती गेल्या. दुपारी उरलेल्या लावताना सवयीनं वाचायला लागलो तर काहीतरी खटकलं. डमीशी, म्हणजे बरोबर क्रमाच्या नमुना प्रतीशी, ताडून बघितलं आणि हातपाय गार पडले. उरलेल्या ३८० सरळ केल्या. गेलेल्या गेल्या.

संध्याकाळी दसरा चौकात शाहू स्मारकला समारंभ. मुख्य वक्ता आमचा दादा. मराठीचा प्राध्यापक, बोलायला लागला की सभागृह गप्प. त्याच्या हातात त्या १२० प्रतींतलीच एक. बरोबर क्रमात असं होतं की ३२व्या पानावर आई परड्यात भांडी घासतेय आणि पुढच्या पानावर तिच्या हाताची राख, तिची नखं, असं येतं. माझ्या क्रमात भांड्यांवरून एकदम गुऱ्हाळावरची रात्र. चुलवाण पेटलेलं, काहिलीत रस उसळतोय. दादा या जागेवर दहा मिनिटं बोलला. म्हणाला, कवीनं घरातल्या राखेतून थेट चुलवाणाच्या जाळात उडी घेतलीय आणि ही उडी ज्याला कळली त्यालाच हा संग्रह कळला. टाळ्या पडल्या. कवी स्टेजवर खाली मान घालून बसले होते. मला वाटलं, लाजलेत.

नंतर चहाच्या वेळी मी दादाजवळ गेलो. सांगणारच होतो. एवढंच म्हणालो, “दादा, ती गुऱ्हाळाची जागा आहे ना, तिथं जरा…” त्यानं पुढं बोलूच दिलं नाही. त्याच्या कॉलेजातले चार जण उभे होते, त्यांच्या देखत म्हणाला, “तू फर्मे जुळव. कविता तुझं काम नव्हे. तू पुस्तकं चाळतोस, त्याला वाचन म्हणत नाहीत.” ते चौघे हसले. मी पण हसलो, काय करणार.

तिसऱ्या दिवशी कवी दुकानात आले. मी पाया पडायच्याच बेतात. ते कटिंग मशीनजवळच्या स्टुलावर बसले, अर्धा चहा घेतला आणि म्हणाले, “त्या क्रमानंही वाईट नाही वाटत ओ. कुणाला सांगू नका.” मी नाही सांगितलं. आज पहिल्यांदाच लिहितोय.

आता तुम्ही म्हणाल, याचा माझ्या प्रश्नाशी काय संबंध? संबंध असा की ज्याला सगळं समजतं त्यालाही पुस्तक उलटं लागलंय हे समजलं नाही. आणि मला, चाळणाऱ्याला, चौथ्या फर्म्यातच खटकलं, कारण मी समजून घ्यायच्या घाईत नव्हतो. शब्द हाताखालून जात होते आणि एका ठिकाणी हात अडला. तुमचाही अडत असणार, तुम्ही लक्ष देत नसाल. कवितेचा अर्थ लागला नाही तरी कुठल्या ओळीला अडलो हे लक्षात ठेवा आणि तीच कविता आठ दिवस रोज एकदा मोठ्यानं वाचा. अर्थ कुणाला सांगायला जाऊ नका.

अरुण कोलटकरांचा ‘भिजकी वही’ हा कवितासंग्रह घ्या. आपल्या कोल्हापुरात १९३२ साली जन्मलेला माणूस. हे पुस्तक २००३ ला आलं, आणि २००५ चा साहित्य अकादमी मिळाला तेव्हा ते नव्हते. त्यात कुठकुठल्या देशांतल्या, कुठल्या काळातल्या रडणाऱ्या बायका आहेत. हायपेशिया कोण हे मला कुठं ठाऊक होतं? कविता वाचली, अंगावर आली, आणि पुढं कधीतरी कळलं की ती अलेक्झांड्रियाची गणिती बाई, तिला ४१५ साली जमावानं मारलं. आधी शोधून मग वाचलं असतं तर ती माझ्यासाठी कोशातली नोंद झाली असती.

कादंबऱ्यांबद्दल तर दादाचं वेगळंच. कृष्णात खोतांच्या ‘रिंगाण’ला २०२३ चा साहित्य अकादमी मिळाला. धरणानं उठवलेली माणसं आणि मागं राहिलेली म्हैस. दादा म्हणाला, बोलीमुळं वाचवत नाही. अरे, आपल्या आईचं माहेर पन्हाळ्याच्या अंगाला! तिच्या तोंडचे शब्द छापून आलेत आणि प्राध्यापकाला ते अवघड जातात? मला त्यातले काही शब्द तीस वर्षांनी भेटले. तुम्हालाही ग्रामीण शब्द अडत असतील तर कोश नंतर उघडा. घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर त्याला विचारा, अर्थासोबत दोन गोष्टी जास्तीच्या मिळतील.

चित्रांच्या पुस्तकांबद्दल मात्र मी धंद्यातला माणूस म्हणून सांगतो. रंगांवर विश्वास ठेवू नका. सगळं चित्र चार शायांत छापलेलं असतं, भिंग धरलं की नुसते ठिपके. एकाच चित्राचा निळा दोन पुस्तकांत दोन तऱ्हांचा निघतो. खरी गोष्ट चित्राखाली बारीक अक्षरात असते: माप. ते लोक वाचतच नाहीत. माझ्याकडं सेझान या फ्रेंच चित्रकाराचं एक जाडजूड पुस्तक होतं, जुन्या बाजारातलं. एकच डोंगर त्यानं पुन्हा पुन्हा काढलाय. त्यातल्या एका चित्राचं माप साधारण ७० बाय ९० सेंटिमीटर. मी जुनी वर्तमानपत्रं चिकटवून तेवढा कागद कापला आणि दुकानाच्या भिंतीला लावला. मग पुस्तकातलं चित्र हातात धरून त्या कोऱ्या कागदाकडं बघत बसलो. गिऱ्हाइकांना वाटलं, याचं डोकं फिरलं. पण हात किती लांब न्यावा लागला असेल हे तेव्हा कळलं. आणि कोल्हापुरात राहत असाल तर पुस्तक मिटून आधी टाउन हॉलच्या संग्रहालयात जा, चित्रकार आबालाल रहमान यांची चित्रं बघा. ते १९३१ साली गेले. रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगेचा घाट, जन्मभर हेच पाणी काढत राहिले. तिकडं डोंगर, इकडं तळं. मला यातलं काय समजलं विचाराल तर सांगता येणार नाही, पण रंकाळ्यावर गेलो की पाण्याकडं बघायची माझी तऱ्हा बदललीय एवढं खरं.

सेझानचं ते पुस्तक २०१९ च्या पुरात गेलं. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, त्या ऑगस्टला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि शाहूपुरीत दुकानं बुडाली. चित्रांच्या पुस्तकाच्या गुळगुळीत कागदावर, आर्ट पेपरवर, मातीचा लेप असतो, भिजून वाळला की पानाला पान चिकटतं. पुस्तकाची वीट झाली, सुरी घातली तरी सुटेना. शेजारच्या मॅपलिथोवरच्या, म्हणजे लेप नसलेल्या साध्या कागदावरच्या, कादंबऱ्या फुगल्या, पिवळ्या पडल्या, पण पंख्याखाली पानं उलटून उलटून वाचण्याजोग्या झाल्या. म्हणून चित्रांची महागडी पुस्तकं खालच्या फळीवर ठेवू नका. जड असतात म्हणून सगळे खालीच ठेवतात. ‘भिजकी वही’ वर होती, कोरडी राहिली.

आता एक कबूल करतो, नाहीतर तुम्ही माझ्या नादानं फसाल. न कळणारं सगळंच भारी नसतं. पदरच्या पैशानं छापलेले कितीतरी संग्रह मी बांधलेत, त्यातले बरेच नुसते तुटक ओळींचे होते, तिथं अडायलाही काही नव्हतं. कादंबरी तीन फर्म्यांत पकडत नसेल तर सोडा, ४८ पानं पुष्कळ झाली. विकत घ्यायची नसतील तर करवीर नगर वाचन मंदिर आहे, १८५० पासून. आणि तुम्ही प्राध्यापकीसाठी नेट-सेटची परीक्षा देणार असाल तर माझं काहीच ऐकू नका, तिथं दादासारखंच लिहावं लागतं.

दादावर अन्यायही नको. ती उडी त्याला दिसली हे खोटं नाही. मी नंतर दोन्ही प्रती शेजारी ठेवून वाचल्या, त्या एका जागेपुरता माझा चुकीचा क्रमच जास्त चांगला आहे. पुढं मात्र सगळं विसकटतं, आणि त्याबद्दल तो काही बोलला नव्हता.

दादा, तू इथं येतोस हे पुतण्यानं सांगितलंय. तुझ्या कपाटातली प्रत चुकीची आहे. बरोबर लावलेली एक मी तुझ्यासाठी बाजूला ठेवलीय, कापडी पाठ घालून. सोमवारी दुकान बंद असतं.