जबडा दुखतोय? कॅपच्या आधी स्प्लिंटचा विचार करा

भुसावळच्या ताई, सकाळी गालफडं आखडलेली असतात, जांभई देताना कानापुढे कट्‌ वाजतं, एक डॉक्टर स्प्लिंट (झोपताना दातांवर घालायचा, काढता येणारा साचा) सुचवतात आणि दुसरे दात घासून कॅप बसवू म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. जळगावात दातांच्या लॅबमध्ये कवळ्या आणि स्प्लिंट बनवण्यात माझं आयुष्य गेलं, म्हणून कळकळीने सांगतो, कॅपला आत्ता हो म्हणू नका. घासलेला दात पुन्हा भरून येत नाही. स्प्लिंट नाही मानवला तर काढून ठेवता येतो.

स्प्लिंटने कानापुढचा जबड्याचा सांधा नवा होत नाही. झोपेत दात आवळले जातात तेव्हा तो भार सारखा विभागला जातो, दातांची झीज वाचते आणि बऱ्याच जणांचे स्नायू सैलावतात. कडक अ‍ॅक्रिलिकचा (कवळीच्या प्लास्टिकचा), एका जबड्याचे सगळे दात झाकणारा स्प्लिंट मागा. फक्त पुढच्या दातांवर बसणारा बरेच महिने वापरला तर चावा बिघडून पुढचे दात एकमेकांना टेकेनासे होऊ शकतात. दुकानातला मऊ गार्ड तर काहींना जास्तच आवळायला लावतो.

खरं काम बसवल्यानंतरचं. डॉक्टर रंगीत कागद चावायला देतात आणि जिथे ठिपका गडद उठतो तिथे स्प्लिंट घासतात. स्नायू सैल झाले की चावा थोडा बदलतो, म्हणून हे पुन्हा करावं लागतं. नुसता डबीत घालून दिलेला स्प्लिंट घेऊ नका. नुसता आवाज येतो आणि दुखत नाही, त्याला सहसा उपचार लागत नाहीत.

आपल्याकडे आणखी एक बघायलाच हवं. तोंडात आपली तीन बोटं उभी जातात का? जात नसतील, तिखटाने आग होत असेल आणि सुपारी-गुटख्याची सवय असेल, तर दुखणं वेगळंही असू शकतं. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, तरी अशी आखडलेली तोंडं दिसतातच. त्यावर स्प्लिंटचा उपयोग नाही आणि पुढे कर्करोगाचा धोका असतो. धुळ्याच्या डेंटल कॉलेजात लगेच दाखवा.

तोवर कळण्याची कडक भाकरी आणि ऊस बंद. भरीत मऊ पोळीबरोबर खा, बट्टी वरणात पूर्ण भिजू द्या. दिवसा ओठ मिटलेले, पण दात सुटे ठेवा. स्प्लिंट गार पाण्यानेच धुवा, गरम पाण्याने आकार बिघडतो.